लग्नपत्रिकेसाठी नाजूक हस्ताक्षरी फॉन्ट: निवडण्यापासून छापून हातात येईपर्यंत सगळं

काही वर्षांपूर्वी मी एका घरच्या लग्नाची पत्रिका केली होती. हँडमेड कागद, त्यावर अगदी केसासारख्या रेषेचा हस्ताक्षरी फॉन्ट, फिकट सोनेरी-तपकिरी रंग. स्क्रीनवर इतकी छान दिसत होती की नवरीच्या आईने फोनवरच ओके देऊन टाकलं. ४०० पत्रिका छापून आल्या, आजींनी पहिलीच पत्रिका हातात घेतली, चष्मा सारखा केला आणि मोठ्याने वाचलं, "शुमविवाह?" मी जवळ जाऊन बघितलं तर खरंच तसं झालं होतं. भ आणि म मधला फरक तो काय, डाव्या खांद्यावरची ती वळलेली गाठ आणि तिथे तुटलेली शिरोरेघ, ती गाठ कागदाच्या खरबरीत पोतात विरून गेली आणि भ चा म झाला. खाली आशुतोषच्या ष मधली तिरकी रेघ पण अर्धीच उठली होती, म्हणजे लांबून आशुतोप. सगळ्या पत्रिका परत छापल्या. आजी काही बोलल्या नाहीत पण त्यांचा चेहरा मला अजून आठवतो, नातीचं लग्न म्हणून त्या पत्रिकेची किती दिवस वाट बघत होत्या.

तेव्हापासून मी जे जे करते ते सगळं इथे क्रमाने लिहितेय. पत्रिका हे उदाहरण धरलंय कारण नाजूक अक्षरांची हौस आपल्याकडे सगळ्यात जास्त तिथेच होते, पण बारशाचं आमंत्रण, दारावरची पाटी, केकच्या डब्यावरचं लेबल, साड्यांच्या ब्रँडचा लोगो, सगळीकडे हेच लागू पडतं.

आधी एक गोष्ट समजून घ्या

आपण पिंटरेस्टवर जी नाजूक पत्रिका बघतो ती बहुतेक इंग्रजीत असते. त्या अक्षरांचं मूळ टोकदार निबच्या लिखाणात आहे. निब खाली ओढताना दाब दिला की रेघ जाड, वर जाताना हात हलका केला की केसासारखी बारीक, आणि अक्षरं खालच्या बाजूला एकमेकांना जोडत जोडत पुढे जातात. चार्ल्स स्नेल नावाचे १७ व्या शतकातले इंग्लिश लेखनगुरू होते, त्यांच्या वळणावरून मॅथ्यू कार्टर यांनी १९६० च्या दशकात स्नेल राउंडहँड हा फॉन्ट केला. आज ग्रेट व्हाइब्स, पिनयॉन स्क्रिप्ट वगैरे जे फुकट फॉन्ट सगळे वापरतात ते पण त्याच टोकदार निबच्या परंपरेतले.

देवनागरीचं वळण वेगळं आहे, ते बोरूचं आहे. बोरू म्हणजे जुनी काडीची लेखणी, तिचं टोक तिरकं कापलेलं असतं, त्यामुळे जाड-बारीक होतं ते दाबामुळे नाही, हात कुठल्या दिशेला जातोय त्यावर होतं. आणि अक्षरं खाली जोडलेली नसतात, वरून शिरोरेघेला टांगलेली असतात. मराठीत भराभर लिहायची लिपी होती ती मोडी, त्यात आधी ओळभर रेघ मारून घ्यायची आणि मग शक्यतो हात न उचलता अक्षरं काढत जायची, बाळबोध म्हणजे देवनागरी ही मात्र एकेक अक्षर सुटं, नीट लिहायची.

म्हणजे इंग्रजीत जो नाजूकपणा शेपट्यांतून आणि जोडण्यांतून येतो तो आपल्याकडे तिथे शोधून सापडणार नाही. आपल्याकडे तो वेलांटीत आहे, रफारात आहे, उकाराच्या वळणात आहे. 'कीर्ती' हा शब्द चांगल्या हाताने लिहिलेला बघा, त्या दोन वेलांट्या आणि एक रफार यांच्यातच सगळं सौंदर्य आहे, वेगळी नक्षी लागत नाही. देवनागरी फॉन्ट बघताना अक्षरांच्या आधी मी वेलांटी बघते. वेलांटीची कमान नीट असेल आणि ती पुढच्या अक्षरावर व्यवस्थित टेकत असेल तर तो फॉन्ट ज्याने केला त्याला लिहिता येतं असं समजायचं.

पहिलं काम: कुठले शब्द नाजूक अक्षरात जाणार ते ठरवा

फॉन्ट शोधायच्या आधी मजकूर कागदावर घ्या. साधारण पत्रिकेत काय असतं? वर ॥ श्री गणेश प्रसन्न ॥, कुलदैवताचं नाव, मग 'आमचे येथे श्रीकृपेकरून' ने सुरू होणारा मोठा परिच्छेद, चि. आणि चि. सौ. कां. ची नावं, मुहूर्त, विवाहस्थळ, निमंत्रक, आणि खाली 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!' करत छोट्या मंडळींची नावं.

यातलं हस्ताक्षरी अक्षरात जाणार फक्त दोघांची नावं, आणि फार तर 'शुभविवाह' हा एक शब्द. बास. बाकी सगळं साध्या, उभ्या, वाचता येणाऱ्या फॉन्टमध्ये. मला माहितीये की हे ऐकून खूप जणांना वाटतं की मग पत्रिका साधी दिसेल, पण उलट आहे, आजूबाजूला शांत मजकूर असेल तेव्हाच ती दोन नावं उठून दिसतात, सगळंच वेलबुट्टीचं केलं की डोळा कुठेच थांबत नाही.

तारीख, वेळ, फोन नंबर आणि पत्ता हे तर कधीच नाही. देवनागरी १ आणि ९ हस्ताक्षरी वळणात जवळजवळ सारखे दिसतात, मुहूर्त ११ तारखेचा की १९ तारखेचा असा गोंधळ पाहुण्यांना द्यायचा नाही. मुलांच्या त्या ओळीला मात्र मी थोडी सूट देते, तिथे कलम नावाचा एक बोलका फॉन्ट गोड दिसतो.

दुसरं काम: नावं टाईप करून बघा, फॉन्टचं नाव बघून भुलू नका

फॉन्टच्या पानावर जो नमुना असतो तो सोप्या शब्दांचा असतो. तुम्हाला ज्यांची पत्रिका करायची त्यांची नावं टाका. सगळी, आईवडिलांची, आडनावांसकट. आणि त्याच्यासोबत मी ही एक ओळ नेहमी टाकते:

शुभ सुखदा प्रथमेश माधवी वैभव आशुतोष श्रद्धा शर्मिष्ठा ऋत्विज ज्ञानदा कृत्तिका क्षितिज वऱ्हाड कऱ्हाड ॲड. डॉ. काळे

यातले महत्त्वाचे शब्द कशासाठी आहेत ते सांगते. शुभ आणि वैभव मध्ये भ चा म होतो का बघायचं. सुखदा मध्ये ख ची खालची जोडणी बारीक असली तर वाचताना सुरवदा होतं, हे मी प्रत्यक्ष छापलेलं बघितलंय. प्रथमेशच्या थ ची गाठ गेली की प्रयमेश, माधवीच्या ध ची गेली की माघवी. वैभवमध्ये व आहेच, त्याच्या शेजारी एखादा ब ठेवून बघा, पोटातली रेघ दिसतेय का. श्रद्धा आणि शर्मिष्ठामध्ये जोडाक्षरं कशी होतात ते कळतं, बऱ्याच फॉन्टमध्ये द्ध एकत्र न होता द चा पाय मोडून बाजूला ध येतो, ते चूक नाही पण नावात बघायला बरं वाटत नाही. वऱ्हाड आणि कऱ्हाड हे आपल्या मराठी अर्ध्या र साठी, तो चंद्रकोरीसारखा र सगळ्या फॉन्टमध्ये नसतो, हिंदीला तो लागत नाही म्हणून राहून जातो. तुमच्या पाहुण्यांमध्ये एक तरी गोऱ्हे किंवा कुऱ्हाडे असणारच. ॲड. हे पण तसंच, कधी कधी त्या जागी नुसता चौकोन येतो.

मग ल आणि श. मराठी ल आणि हिंदी ल वेगळा, श सुद्धा. काही फॉन्टमध्ये दोन्ही रूपं आत दडलेली असतात, सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडली की आपलं रूप येतं. इलस्ट्रेटर, इनडिझाइनमध्ये कॅरेक्टर पॅनलमध्येच भाषेचा पर्याय आहे. तो हिंदीवर राहिला तर नवरीचं नाव 'शीतल' पत्रिकेवर परक्यासारखं दिसतं, आणि काय खटकतंय ते घरच्यांना सांगता येत नाही पण खटकतं हे नक्की.

तिसरं काम: फॉन्ट निवडणं

खरं सांगायचं तर देवनागरीत अगदी नाजूक, हातचे वाटणारे चांगले फॉन्ट इंग्रजीच्या मानाने खूप कमी आहेत. गुगल फॉन्ट्सवर ओपन लायसन्सचे जे आहेत त्यातले मी वापरते ते असे.

कलम, इंडियन टाईप फाउंड्रीचा. लाइट, रेग्युलर आणि बोल्ड अशी तीन वजनं, म्हणजे रेघेच्या जाडीचे तीन प्रकार आहेत. हा फेल्ट पेनने लिहिल्यासारखा, रेघ सगळीकडे साधारण एकाच जाडीची. डोहाळजेवण, मुंज, केळवणाचं आमंत्रण यासाठी मस्त, थाटाच्या पत्रिकेला थोडा घरगुती वाटतो. तिल्लाना पण त्यांचाच, पाच वजनं, जरा ठाशीव. अमिता हा जाड-बारीक रेघेचा, त्याची देवनागरी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या अक्षरांवरून आलेली आहे, मोठ्या साईजला नावं छान दिसतात. डेक्को साधा हस्ताक्षरी, मुलांच्या कार्यक्रमांना बरा.

बाकीच्या मजकुराला माझी पहिली पसंती टिरो देवनागरी मराठी. त्यात मराठी वळणाची अक्षरं मुळातच आहेत, भाषा बदला वगैरे करावं लागत नाही. दुसरा मुक्ता, मुंबईच्या 'एक टाईप' या संस्थेचा, साधा आणि स्वच्छ, अगदी बारीक वजनापासून मिळतो.

जोडी लावताना रेघेकडे बघायचं. अमितात जाड-बारीक आहे तर त्याच्या खाली टिरो शोभतो कारण त्यात पण बोरूचं जाड-बारीक आहे. कलम एकसारख्या रेघेचा, त्याच्या खाली मुक्ता. उलट केलं की दोन वेगळ्या पत्रिका चिकटवल्यासारखं दिसतं.

हल्ली एक घर पुण्यात आणि एक न्यू जर्सीत असं असतं म्हणून नावं इंग्रजीतही हवी असतात. तिथे शेजारी शेजारी ग्रेट व्हाइब्स लावला की दाबाचं वळण आणि बोरूचं वळण भांडतात, एक उजवीकडे झुकलेलं आणि एक सरळ उभं. मी तिथे इंग्रजी नावं एकतर साध्या सेरिफमध्ये (अक्षरांच्या टोकांना छोट्या आडव्या रेघा असलेला छापील फॉन्ट) छोटी करते किंवा सॅक्रामेंटो घेते, त्याची रेघ एकसारखी आहे त्यामुळे तो कलमबरोबर निभावून जातो. आणि इंग्रजी स्क्रिप्ट फॉन्टमध्ये सगळी कॅपिटल अक्षरं कधी लिहू नका, ती कॅपिटलं शब्दाच्या सुरुवातीला एकटी उभी राहण्यासाठी काढलेली असतात, ओळीने लावली की काहीही वाचता येत नाही.

लायसन्स वाचा. फुकट डाउनलोड झाला म्हणजे पैसे घेऊन केलेल्या कामात चालतो असं नाही, खूप फॉन्टवर 'फक्त वैयक्तिक वापरासाठी' लिहिलेलं असतं. ओपन फॉन्ट लायसन्स असेल तर धंद्याच्या कामाला चालतो.

फॉन्ट जमलाच नाही तर: दोन नावं हाताने लिहून घ्या

मला विचाराल तर थाटाच्या पत्रिकेला हाच सगळ्यात चांगला रस्ता आहे. आपल्याकडे सुलेखनाची केवढी मोठी परंपरा आहे, र. कृ. जोशी, कमल शेडगे, अच्युत पालव यांची कामं शोधून नुसती बघत बसा. विंडोजमधला 'मंगल' सगळ्यांनी वापरलाय, तो र. कृ. जोशींचा. कमल शेडग्यांनी नाटकांची नावं अशी लिहिली की जाहिरातीतलं ते नाव बघूनच नाटकाचा बाज कळायचा. दोनच नावं लिहायची असतील तर गावातल्या, शहरातल्या एखाद्या सुलेखनकाराला सांगणं फार महाग पडत नाही, आणि जगात दुसऱ्या कोणाच्या पत्रिकेवर ते अक्षर नसतं.

सांगताना एवढं सांगा: पांढऱ्या गुळगुळीत कागदावर, काळ्या शाईने, छापायच्या साईजच्या दुप्पट-तिप्पट मोठं, आणि प्रत्येक नावाचे तीन-चार नमुने. मग ६०० डीपीआयला स्कॅन करून ट्रेस करा, म्हणजे स्कॅनमधल्या अक्षराच्या कडांवरून सॉफ्टवेअरकडून त्याचा आकार काढून घ्या. ट्रेस करताना स्मूदनेस फार वाढवू नका, बोरूच्या कडेचा तो किंचित थरथरता काठ गेला की परत फॉन्टसारखंच दिसायला लागतं. त्या सुलेखनकाराचं नाव पत्रिकेच्या मागे बारीक अक्षरात छापलंत तर त्यांना फार आनंद होतो.

मोडीत नाव लिहून घ्यायची पण सध्या आवड दिसते. सुंदर दिसतं, फक्त मोडी वाचता येणाऱ्या माणसाकडून तपासून घेतल्याशिवाय छापू नका.

चौथं काम: सॉफ्टवेअर नीट लावून घ्या

मराठी टाईप केल्यावर 'किती' ची वेलांटी क च्या नंतर येत असेल, जोडाक्षरं पाय मोडून सुटी पडत असतील, तर फॉन्टला दोष देऊ नका, सेटिंग बघा. फोटोशॉपमध्ये प्रेफरन्सेसमध्ये टाईपमध्ये जाऊन वर्ल्ड-रेडी लेआउट निवडा. इलस्ट्रेटरमध्ये शो इंडिक ऑप्शन्स चालू करा. इनडिझाइनमध्ये पॅराग्राफ पॅनलच्या मेनूत वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर. बऱ्याच प्रेसमध्ये अजून कोरलड्रॉ आणि जुने श्रीलिपीचे नॉन-युनिकोड फॉन्ट चालतात, तिथे तुमचा व्हॉट्सॲपवरचा मजकूर पेस्ट केला की कचरा होतो, म्हणून प्रेसला टाईप केलेली फाइल देऊच नका, सगळं कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून द्या.

पाचवं काम: मांडणी

ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, शून्य. हे मी ठळक सांगतेय कारण इंग्रजी डिझाइनमध्ये अक्षरांत अंतर वाढवलं की श्रीमंत दिसतं म्हणून लोक मराठीतही वाढवतात, आणि शिरोरेघ जागोजागी तुटते. इंग्रजी स्क्रिप्ट फॉन्टमध्येही तेच, जोडण्या उघड्या पडतात.

ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त लागतं. आपल्याला वर मात्रा-वेलांटी-अनुस्वार आणि खाली उकार-ऋकार. १२ पॉइंटच्या मजकुराला मी १८ ते २० पॉइंट लीडिंग देते. नावं एकाखाली एक असतील तर वरच्या नावाचा उकार खालच्या नावाच्या वेलांटीत घुसतोय का ते बघा, घुसत असेल तर अंतर वाढवण्याआधी एक नाव थोडं डावीकडे आणि एक थोडं उजवीकडे सरकवून बघा, खूपदा तेवढ्यानेच दोन्ही एकमेकांच्या मोकळ्या जागेत छान बसतात आणि मुद्दाम केल्यासारखं सुरेख दिसतं.

साईजचं म्हणाल तर ५ बाय ७ इंचाच्या कार्डावर नावं ३२ ते ४० पॉइंट, 'चि.' आणि 'चि. सौ. कां.' त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढं आणि साध्या फॉन्टमध्ये, बाकी मजकूर ११-१२. त्याखाली जाऊ नका, आपली पत्रिका वाचणारे बरेच लोक साठीच्या पुढचे असतात. आणि चारही कोपरे मोकळे ठेवा. पत्रिका आली की कोपऱ्यांना हळदकुंकू लागतं, त्याखाली कोणाचं नाव यायला नको.

सहावं काम: छपाई, खरी परीक्षा इथे आहे

आधी जाडी मोजा. कर्व्ह केल्यावर ०.१५ मिमी व्यासाचा एक छोटा गोल काढा आणि अक्षराच्या सगळ्यात बारीक जागी नेऊन ठेवा, भ ची गाठ, ष ची तिरकी रेघ, वेलांटीचं टोक. गोल रेघेच्या बाहेर दिसला तर ती रेघ छपाईत धोक्यात आहे. गडद रंगावर पांढरी अक्षरं असतील तर गोल ०.२ चा घ्या, शाई बाजूने आत शिरते. सोनेरी फॉइल असेल तर ०.३ चा, आणि तरीही प्रेसवाल्या दादांना आधी विचारा की तुमच्याकडे किती बारीक रेघ उठते, ते त्यांच्या मशीनवरून नेमकं सांगतात.

बारीक निघाली तर आधी साईज वाढवा, नाहीतर एक वजन जाड घ्या. तेही नसेल तर अक्षराला त्याच रंगाची ०.२ पॉइंटची आउटलाइन द्या, कोपरे गोल ठेवून. मात्र दिल्यावर भ आणि ध ची गाठ बुजली नाही ना, क चं पोट बंद झालं नाही ना, ते झूम करून बघा.

रंग. माझी त्या वेळची मोठी चूक हीच होती. फिकट रंग ऑफसेटमध्ये, म्हणजे प्लेटवरून होणाऱ्या प्रेसच्या छपाईत, सलग छापला जात नाही, बारीक ठिपक्यांनी छापला जातो. जाड अक्षरात ते कळत नाही, केसासारख्या रेघेत ठिपके बसायलाच जागा नसते, रेघ करवतीसारखी दिसते नाहीतर तुटते. आणि मरून सारखा रंग दोन-तीन शाया एकावर एक पडून होतो, प्लेट जराशी हलली की अक्षराच्या बाजूला लाल कड दिसते. म्हणून नाजूक अक्षर कायम एकाच शाईत, पूर्ण १०० टक्के. नुसता काळा, किंवा स्पॉट कलर म्हणजे प्रेस जी तयार मिसळलेली शाई वापरते ती. सोनेरी हवंच असेल तर खरं फॉइल करा, चार रंगातून केलेलं सोनेरी हे शेवटी पिवळट तपकिरीच असतं.

कागद गुळगुळीत घ्या, ३०० जीएसएमचं मॅट आर्टकार्ड वगैरे. हँडमेडचा फार आग्रह असेल तर पाकीट हँडमेडचं करा आणि आतलं कार्ड गुळगुळीत.

दारावरच्या पाटीसाठी ॲक्रिलिक किंवा पितळेत अक्षरं कापून घ्यायची असतील तर अजून एक काम वाढतं. आधी फाइलमध्ये सगळी अक्षरं वेल्ड करा, म्हणजे जोडून एकच आकार करा, नाहीतर जिथे दोन अक्षरं एकमेकांवर येतात तिथेही मशीन कापतं. आणि अनुस्वार, चंद्रबिंदू, ङ चा टिंब हे सुटे तुकडे आहेत, ते कशाला चिकटणार ते आधी ठरवा, नाहीतर 'कुटुंब' चा टिंब कारखान्यातच राहतो.

व्हॉट्सॲपची पत्रिका वेगळी करा

छापायचीच फाइल जेपीजी करून पाठवू नका. व्हॉट्सॲप फोटो दाबतं, बारीक रेघा धूसर होतात. १०८० पिक्सेल रुंदीची वेगळी करा, त्यात नावं जाड वजनात आणि शंभर पिक्सेलच्या खाली नाही, बाकी मजकूर ३६ च्या खाली नाही, मजकूर निम्मा करा, पार्श्वभूमी एकरंगी. आधी स्वतःला पाठवा, फोन हात लांब करून धरा, आणि झूम न करता मुहूर्त वाचून बघा. मोठी पत्रिका हवी त्यांना पीडीएफ डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

शेवटचं प्रूफ

प्रूफ स्क्रीनवर नाही, त्याच कागदावर, त्याच शाईत, खऱ्या साईजला एक तरी छापून घ्या. जास्तीचे पैसे लागले तरी घ्या. संध्याकाळी घरच्या ट्यूबलाइटखाली धरा. मग घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या हातात द्या आणि मोठ्याने वाचायला सांगा, तुम्ही मध्ये बोलू नका. जिथे ते अडखळले तिथे पेन्सिलने खूण करा, त्यांना कारण विचारायची गरज नाही. आता माझ्या प्रत्येक पत्रिकेचं प्रूफ असंच वाचलं जातं, आणि त्यांनी वाचून झाल्यावर त्याच कागदावर त्यांची सही घेते, मग तो कागद प्रेसला जातो.